शिडाचा पदर

गंगाखेडला कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, कापडासाठी रांग लागली होती. माझ्या पुढं एक मीठ विकणारं जोडपं उभं होतं. दिवाळी ते शिमगा त्यांचं घर म्हणजे गंगेतली, म्हणजे आमच्या गोदावरीतली, शिडाची नाव, हे त्यांच्याच बोलण्यातून कळलं.

“एका कार्डाला एकच कापड म्हनं. मादरपाट घेऊ, महादेवी. नवं शिड शिवतो.”

“शिवा की नवं शिड! जुनं फाटलं तवा मला न इचारता माहं म्हायेरचं इरकल लुगडं लावलंत. आता हे कापडबी नावंलाच?”

“वारा सुटला हुता. तू झोपली हुतीस.”

“मंग उठवायचं न्हाई का? तीन महिने या बेटावरून त्या बेटावर. थंडीत वल्या वाळूवर चूल पेटंना, आन् वर बघावं तर माहं लुगडं फडफडायलंय!”

“मादरपाट लावला की तुझं लुगडं तुला वापस. मंग तर झालं?”

“काई नको. मला साधं लुगडं घ्या. जाडंभरडं चालंल.”

“आन् शिड?”

“इरकलच ऱ्हाऊ द्या. लांबून ते दिसलं की टरबुजाच्या वाड्यांतल्या बाया ‘महादेवी आली’ म्हनत काठावर येतेत. मादरपाट बघून कोन येतंय?”

“मंग येवढी चिडायलीस कशाला?”

“उलटं बांधलंय तुमी! माह्या म्हायेरचा पदर तीन महिने पान्यात लोळायलाय. सगळ्या गंगाकाठाला दिसलं, तुमाला न्हाई. आदी तेवढा पदर वर घ्या!”