तांबसरीच्या कड्यावरची पाहुणी

ऐका, घोडेवाल्या पोरांनो. शेकोटीत आणखी एक ओंडका सारा, अन् ते मोबाइल खिशात घाला आधी. भुताची गोष्ट हवी म्हणालात ना? मग नीट कान देऊन ऐका, नाहीतर उठतो मी.

आपल्या तांबसरीत कड्याकड्याला हे 'पॉइंट' झाले ते रावजी उतेकराच्या वेळेपासून. रावजी म्हंजे तळ्याकाठच्या स्टँडवरचा पहिल्या नंबराचा घोडेवाला. घोडी एकच, मैना. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा. घरात बायको, दोन पोरी, अन् चौघांचं पोट त्या एका घोडीच्या पाठीवर. माणूस कष्टाळू. पण जिभेला हाड नाही! जिथं कुणाच्या बापानं वाघ पाहिला नाही, तिथं 'टायगर पॉइंट'. एकाच कड्याला सकाळी एक नाव, संध्याकाळी दुसरं. फिरायला आलेले पाहुणे खूश, रावजी खूश. मी म्हणतो, सांगा बाबांनो, वाघ सांगा, सिंह सांगा. पण त्यानं एक असं काम केलं की ते मला आजही खपत नाही.

वरच्या वाडीला जाणारी कड्याची वाट माहीत आहे ना? तिथं दगडांची एक रास होती. एक अडलेली बाळंतीण त्या जागी वाटेतच गेली होती. येणारा-जाणारा हिरवी डहाळी टाकायचा, हात जोडायचा अन् पुढं व्हायचा. एवढंच. रावजीनं काय करावं? पाहुण्यांना घोड्यावर चढायला उंच पडतं म्हणून ती रास मोडली, अन् तेच दगड रचून ओटा केला! पाय देऊन चढायचा ओटा! वर जागेचं नाव ठेवलं 'हनीमून पॉइंट'. अन् पाहुण्यांना सांगायचा काय? तर एका गोऱ्या मडमेनं साहेबाच्या विरहात इथून उडी टाकली. अरे, कुठली मडम? आपली बाई तिथं तडफडून मेली, तिच्यासाठी कुणी हळहळत नाही, अन् नसलेल्या मडमेसाठी पाहुण्यांचे डोळे ओले! संताप येतो की नाही? मला तर येतो.

तर ऐका. दिवाळी सरलेली, थंडी पडू लागलेली. दिवेलागण होऊन गेली होती. कणसंवाल्यांनी शेगड्या विझवल्या, बोटी खुंटांना बांधल्या गेल्या, अन् रावजी मैनेला घेऊन वरच्या वाडीला, घरी निघाला. रोज तो सडकेनं जायचा. पण त्या दिवशी थोरल्या पोरीला ताप होता. लवकर पोचावं म्हणून त्यानं कड्याची वाट धरली. बायकोनं सकाळीच बजावलं होतं, "अंधार पडल्यावर कड्यानं येऊ नगा." ऐकतोय कोण!

तळ्याच्या धक्क्यापाशी एक बाई उभी. डोक्यापासून पायापर्यंत घोंगडी लपेटलेली.

"घोडा आहे?"

रावजीला वाटलं, हॉटेलातली पाहुणी असेल, थंडीनं कुडकुडतेय. लगेच तोंडात साखर. "आहे ना, मॅडम! पण आता काय दिसणार? उद्या सकाळी सगळे पॉइंट दाखवतो."

"उद्या नाही. आत्ता. मला या गावात कुणी काही दाखवलं नाही. सगळं बघायचंय."

बघा आता. घरी पोरगी तापानं फणफणलेली, अन् हा गडी थांबला! म्हणाला, पॉइंट वाटेवरचेच तर आहेत, जाता जाता दाखवू. मैना मागं सरली. कान पाडले, नाकपुड्या फुगवल्या. जनावराला कळलं, याला कळलं नाही. त्यानं बाईला उचलून खोगिरावर बसवलं. वजन किती? भाताच्या तुसाएवढं! रावजी म्हणाला, बरं झालं, घोडीला त्रास नाही.

"हे काय?" बाईनं विचारलं.

"हा बोटिंग पॉइंट, मॅडम. इथं सकाळी..."

वारा नाही, लाट नाही, अन् बांधलेल्या बोटी हलायला लागल्या. एकेक दोर आपोआप सुटला. पंधराच्या पंधरा बोटी वळल्या, अन् सगळ्यांनी टोकं या दोघांकडं धरली. रावजी पुटपुटला, वरनं पाणी सोडलं असंल. स्वतःलाच समजावलं त्यानं, अन् लगाम धरून भराभर चालायला लागला.

चढ लागला. पहिल्या वळणावर बाई म्हणाली, "थांब. इथं काय दाखवतोस?"

"हा एको पॉइंट. हाक मारली की डोंगर परत हाक देतो."

"मार."

रोजची सवय! रावजीनं दोन्ही हात तोंडाशी नेले अन् ओरडला, "हॅलोऽऽ!"

डोंगर गप्प. नुसता गप्प. रातकिडेसुद्धा थांबले. मग पलीकडच्या दरीतून आवाज आला. हॅलो नाही रे! तान्ह्या लेकराचं रडणं! आधी बारीक, मग मोठं, मग अगदी रावजीच्या कानाशी. मैनेचे पाय लटपटले. रावजीनं तिच्याकडं पाहिलं, तर घोडीची पाठ खाली वाकलेली. मघाशी तुसाएवढी होती ती बाई, आता गोणीएवढी झाली होती. पळावं तर मैनेला सोडून पळायचं कसं? घोडी गेली तर घर गेलं. तो चालत राहिला.

दुसरं वळण आलं. रावजीनं मान खाली घातली, विचारू नये म्हणून देवाचा धावा केला. पण ती विचारायची राहते होय?

"अन् हे?"

"सनसेट पॉइंट. पण मॅडम, सूर्य कधीच गेला. आता काही दिसत नाही."

"दिसतं. बघ."

अन् ऐका, भर अंधारात मावळतीला तांबडं पसरलं! सूर्य बुडताना पसरतं तस्संच. त्या तांबड्यावर डोंगराची धार काळी दिसत होती, अन् धारेवरून चार माणसं डोली घेऊन येत होती. पूर्वी सडक नव्हती, दवाखान्यात न्यायचं माणूस डोलीतूनच न्यायचे. चौघं धावत होते बिचारे. अन् मधीच थांबले. डोली खाली ठेवली. मागं वळले अन् चौघंही निघून गेले. डोली तिथंच पडली. आतून एक हात बाहेर आला, हलला, अन् मग पडदा पडावा तसा अंधार झाला.

"कुटं गेलं रं ते?" बाईनं विचारलं. बोलीच बदलली तिची. शहरातली नाही, आपली बोली!

रावजीनं हात जोडले. "ठावं न्हाई, बाई." मॅडमची बाई झाली बघा!

"म्या सांगते. बंगल्यातलं पाव्हणं सूर्य बुडताना बगायला निगालं व्हतं. त्येंना बसवून न्यायच्या खुर्च्या उचलाया माणसं कमी पडली. मुकादमानं हाक मारली, अन् ह्ये गेलं. मला म्हनालं, सूर्य बुडला की येतोच. सूर्य बुडला. म्या वाट बगितली."

पुढं मैनेला कुणी हाकलं नाही. घोडी आपसूक ओढली जात होती. तोंडाला फेस, गुडघे टेकायला आलेले, पाठीवर जणू जातं. रावजी लगामाला लोंबकळला, पण थांबते कुठली! कड्याच्या टोकावर, त्या ओट्यापाशी येऊन ती थांबली. पुढचा एक खूर अगदी काठावर. खालचे खडे सुटून दरीत जात होते, अन् तळाला पोचल्याचा आवाज येत नव्हता.

"अन् ह्या जागंला काय म्हंतोस?"

रोज दहा वेळा घेतलेलं नाव. जिभेवर आपोआप आलं. "हनी..." एवढंच बोलला, अन् मैनेचा मागचा पाय सटकला! घोडी खिंकाळली.

"म्हन की! मडमेची गोष्ट सांग की!"

रावजीनं जमिनीवर लोळण घेतली. "न्हाई बाई! मडम-बिडम कोन न्हाई! तू हाईस हितं. म्या खोटं बोललो. तुजं दगड म्याच उपटलं."

"माजं नाव सांग."

काय सांगणार? त्याला ठाऊकच नव्हतं. मडमेचं नाव, तिच्या साहेबाचं नाव, साहेबाच्या कुत्र्याचंसुद्धा नाव रचून सांगायचा हा. आपल्या बाईचं नाव कधी कुणाला विचारलं नाही!

"घोडीला सोड, बाई," शेवटी रडत म्हणाला. "माजी पोर तापानं पडलीया. घोडी गेली तर आमी चौगंबी उपाशी मरू."

"मग मला उतरीव."

रावजी उठला, अन् सवयीनं मैनेला ओट्याकडं ओढायला लागला. तशी ती बाई अशी ओरडली, अशी ओरडली, की तळ्यातलं पाणी काठावर आलं म्हणतात.

"माज्याच दगडावर पाय दिऊन उतरू?"

तेव्हा रावजीला कळलं. आत्ता कळलं! तो घोडीच्या बाजूला गेला, गुडघे टेकले, हात टेकले अन् पाठ पुढं केली. पाठीवर एक पाय आला. बर्फासारखा गार. मग दुसरा. अरे, कसलं वजन ते! बरगड्या कडकड वाजल्या, तोंड मातीत गेलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती तिथं उभी राहिली. घाई नाही केली. तिच्यासाठी तरी कुणी घाई केली होती? मग वजन गेलं.

त्यानं मान वर केली तेव्हा कुणी नव्हतं. खोगिराचा पट्टा तुटून खोगीर दरीत गेलेलं, अन् मैना काठापासून चार पावलं आत उभी, थरथरत. तिचं शेपूट धरून रावजी रांगत रांगत घरी पोचला. पोरीचा ताप उतरला तिसऱ्या दिवशी. रावजीची पाठ मात्र वाकली ती वाकलीच.

वाकलेल्या पाठीनंच त्यानं ओटा मोडून रास पुन्हा रचली. वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला जाऊन नाव विचारलं. गोजरा. गोजरा होतं तिचं नाव. नवरा पलटणीत, पहिलटकरीण, वय अठरा-एकोणीस. अन् ते चार डोलीवाले? त्यातला एक माझा आजा होता. लपवत नाही मी. मरेपर्यंत सूर्य मावळायच्या वेळी तो घराबाहेर पडला नाही. म्हणून तर चिडतो मी, उगाच नाही!

अन् तुम्ही काय केलंत? सकाळी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या वाटेच्या तोंडाला नवी पाटी. 'भूत पॉइंट'. खाली बाण. हात कशाला मागं घेतोस, बाळकू? रंग निघाला नाही अजून बोटांचा. लाज वाटत नाही? पाहुण्यांच्या करमणुकीपायी ती जिवाला मुकली, अन् आता मेल्यावरसुद्धा तिनं त्यांचीच करमणूक करायची?

त्या वाटेनं दिवसा जाल तर डहाळी टाका, नाव घ्या. अंधार पडल्यावर पाऊलसुद्धा ठेवू नका, पाहुणा कितीही गळ घालू दे. अन् उजाडलं की ती पाटी उपटा. नसेल उपटायची, तर रावजी आता जिवंत नाही हे ध्यानात घ्या. ती पुन्हा घोड्यावर बसली, तर उतरायला पाठ कुणाची देणार, ते आत्ताच आपसात ठरवा.