टेबलाखालचं सगळं तुमचं

...हसा, हसा! तुमची पँट नव्हती ना ती! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं शिवणकाम करतोय, माझ्या दुकानात गिऱ्हाइकाचं साधं बटण कधी हरवलं नाही, आणि इथे आख्खी पँट... आख्खी पँट हत्तींनी नेली!

कापडाचे हत्ती हो. आमची मुलगी, तिला आम्ही टाचणी म्हणतो, कारण दिसायला एवढीशी आणि तोंड उघडलं की टोचते, तर ही टाचणी आणि तिची कॉलेजातली टोळी, यांनी ठरवलं की दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डला चाकाची खुर्ची घेऊन द्यायची, आणि त्यासाठी हातानं हत्ती शिवून विकायचे. हत्तीच का? तर म्हणे सोंड शिवायला सोपी. अगं, मी तीस वर्षं कॉलर शिवतोय, मला विचार सोपं काय असतं! पण बोलायची सोय आहे का? काही म्हटलं की, "बाबा, चांगल्या कामासाठी आहे ना!" कात्री नेली, चांगल्या कामासाठी. बटणांचा डबा नेला, हत्तींना डोळे नकोत का, चांगल्या कामासाठी. माझी उशी फोडून कापूस काढला, तर बायको मलाच म्हणते, "असू द्या हो, चांगल्या कामासाठी आहे ना!" म्हणजे मान माझी आखडणार आणि पुण्य मायलेकींना!

मग मीच शहाणपणा केला. म्हटलं, माझं टेबलावरचं काही उचलू नका, टेबलाखालचं सगळं कातरण तुमचं. झालं! स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा.

कारण त्याच आठवड्यात हेडसरांची पँट आली. शाळेतून निवृत्त होत होते, शनिवारी निरोपसमारंभ, आणि आयुष्यात पहिल्यांदा माणसानं स्वतःसाठी भारी कापड घेतलेलं. राखाडी, मऊ, हात लावला की काढवत नाही. मी बेतलं, पुढचे दोन तुकडे, मागचे दोन, गुंडाळी केली, तेवढ्यात मशीनला तेल घालायचं म्हणून टेबल रिकामं केलं आणि गुंडाळी ठेवली... कुठे? बरोबर! आता बेतलेली पँट शिवेपर्यंत कातरणासारखीच दिसते हो, शिंप्याशिवाय कुणाला कळणार?

शुक्रवारी सकाळी खाली वाकतो, तर टेबलाखाली नुसती फरशी. टाचणीला फोन लावला, तर ती आनंदात, "बाबा, या वेळचं कातरण काय सुंदर होतं, सात हत्ती झाले!" तसाच धावत वाचनालयात गेलो, तिथे यांनी हत्ती मांडलेले. म्हटलं, राखाडी सगळे मला द्या. गल्ल्यावरची मैत्रीण म्हणते, "काका, एका माणसाला एकच. आणि रांगेत या." रांगेत? मी हत्तींचा आजोबा लागतो! आता सात हत्ती उसवून पँट होते का? नाही होत, कळतंय मला. पण बुडता माणूस काडी धरतो, मी सोंड धरायला निघालो होतो.

रांगेत उभा राहिलो, आणि पुढे कोण? हेडसर! हातात राखाडी हत्ती. तो गालाला लावून मला म्हणतात, "मास्तर, कापड बघा काय आहे. अगदी माझ्या पँटसारखं."

हो म्हणून सुटलो असतो हो. पण वीस वर्षं ज्याच्या कमरेचं माप घेतलं, त्याच्याशी खोटं बोलवत नाही. म्हटलं, "सर, पँटसारखं नाही. ती तुमची पँटच आहे."

टाचणी पुढे आली, डोळे भरलेले, "सर, चूक माझी आहे. बाबांना काही बोलू नका." चांगलं काम वगैरे एक अक्षर नाही! इतकी वर्षं टोचणारी पोरगी त्या दिवशी माझ्यापुढे उभी राहिली, खरं सांगतो, मला भरून आलं.

सरांनी हत्ती उलटा केला, पाय मोजले. म्हणाले, "मला दोनच हवे होते, तुम्ही चार लावलेत." आणि पैसे काढून म्हणतात, "असू द्या. चांगल्या कामासाठी आहे ना!" हेही त्यांनाच सामील!

शनिवारी सर जुनीच पँट घालून उभे राहिले, मी कंबर ढिली करून दिलेली, आणि भाषणात कोटाच्या खिशातून हत्ती काढून म्हणाले, "ही माझी नवी पँट." टोळीनं उरलेले हत्ती तिथेच दाराशी मांडले होते, समारंभ संपायच्या आत सगळे संपले. दवाखान्यात खुर्ची आली. सोमवारी सर पुन्हा कापड घेऊन दुकानात. मी मापलं, म्हटलं, सर, अर्धा मीटर जास्त आलंय. म्हणाले, "माहीत आहे. ते टेबलाखाली ठेवा."

आता टोळीनं तिथेच बस्तान मांडलंय, दुसरी खुर्ची घ्यायचीय म्हणे. काल बेतायला उभा राहिलो, तर खालून आवाज, "बाबा, पाय जरा बाजूला घ्या." म्हटलं, पाय माझे आहेत! तर टाचणी म्हणते, "टेबलाखालचं सगळं आमचं. तुम्हीच म्हणालात."

पँट तर गेलीच होती हो... आता पायही गेले. असू द्या. चांगल्या कामासाठी आहे ना!