घोड्यांना कोण नेणार?

सन्माननीय अध्यक्षा, आपल्या नगराध्यक्षा लोरेन प्रुडनबाई, व्यासपीठावरील मान्यवर, अग्निशमन दलातले माझे सहकारी, जमलेले बंधुभगिनी आणि आजच्या सत्कारमूर्ती डॉक्टर रोझलिंड डिक,

निवृत्तीच्या निरोपाला माझ्यासारख्या बंबवाल्याला बोलायला उभं करणं, हे आयोजकांचं धाडसच म्हणायचं!

तीन उन्हाळ्यांपूर्वी डोंगर पेटला. घरं सोडा, असं आम्ही दारोदार सांगितलं. तरी वरच्या खोऱ्यातली कितीतरी माणसं हलली नाहीत. माझे शेजारी हॅरोल्ड टेव्स त्यात गेले. पुढे सरकारी पाहणी झाली, छापील पर्यायांची. निरोप मिळाला नाही? गाडी नव्हती? विश्वास बसला नाही? लोकांनी कुठंतरी खूण केली आणि निष्कर्ष निघाला: माणसं हट्टी आहेत, भोंगे वाढवा!

लोकांचा अभ्यास करणाऱ्या आपल्या रोझलिंडबाई त्यावर उसळल्या. "किती जण राहिले, हे मोजून कळलं. का राहिले, हे कसं कळणार? उत्तरं काय असतील याचाच पत्ता नसताना पर्याय कसले छापता? आधी ऐकू या. मग खुशाल मोजा."

आमचे साहेब म्हणाले, "गप्पा मारून आग विझते का हो?"

"आग नाही विझत. पण माणसं बाहेर येतात."

हिवाळाभर बाई घरोघरच्या स्वयंपाकघरांत बसल्या. हॅरोल्डच्या पत्नी व्हर्नाबाईंकडे मी सोबत होतो. बाईंनी एवढंच विचारलं, "त्या सकाळपासून काय काय झालं, सांगाल?" आणि थांबल्या. कॉफी निवली, तरी थांबल्या.

"मला त्यानं गाडीत बसवलं," व्हर्नाबाई अखेर म्हणाल्या. "म्हणाला, तू हो पुढे. घोड्यांना कोण नेणार? मोकळी सोडली तर घाबरून परत तबेल्यातच शिरतील ती."

मंडळी, मग घरोघरी तेच निघालं. कुणाच्या गाई, कुणाची म्हातारी कुत्री. पाहणीत जनावरांबद्दल चकार शब्द नव्हता! त्यानंतर मात्र बाईंनीच आम्हाला मोजायला लावलं: जनावरं किती, वाहनं किती. जत्रेचं मैदान जनावरांसाठी खुलं झालं.

गेल्या ऑगस्टला डोंगर पुन्हा पेटला. खोऱ्यातून खाली येणाऱ्या रस्त्यावरच्या पुलावर मी उभा होतो. घोडे चढवलेल्या गाड्यांची रांगच रांग! सर्वांत पुढे कोण? व्हर्नाबाई! मला ओरडून म्हणतात कशा, "बाजूला हो रे, घोडी बुजेल!" शेवटची गाडी उतरली आणि मी वायरलेसवर ओरडलो, "वर कुणीही नाही! सगळे खाली आलेत!"

सर्वांचे मनापासून आभार. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, काही उणंअधिक बोललो असेन, तर आपलं मानून पोटात घाला. आणि रोझलिंडबाई, जरा मागच्या रांगांकडे बघा. वरचं खोरं आलंय. झाडून सगळं.