भावाला सांगितलेलं

थ्रेस्याम्मा : उभे का, अच्चन? बसा. हाताला तारल्यांचा वास आहे, नाहीतर खुर्ची पुसून दिली असती.

औसेप : चेच्ची, अच्चन चर्चमध्ये म्हण, तिथे मी पाद्री. घरात मी तुझा धाकटा भाऊ आहे.

थ्रेस्याम्मा : घरात. बरं. काय म्हणत होता, माझ्या साजूला हलवायचं?

औसेप : बिशपांची परवानगी आली. कबरस्तानाच्या कडेच्या त्या कोपऱ्यातून काढून त्याच्या अप्पनच्या कबरीशेजारी, बापाजवळ ठेवायचं. येत्या रविवारी. घंटा वाजेल, मिस्सा मी स्वतः म्हणेन.

थ्रेस्याम्मा : कोपरा कसला? तेम्माडीकुळी म्हणा. उनाडांचा खड्डा. नाव दिलं तेव्हा कुणी लाजलं नाही.

औसेप : आता ते नाव कुणी घेत नाही. जीव देणारा माणूस आजारी असतो, पापी नसतो. चर्चच म्हणतं.

थ्रेस्याम्मा : कधीपासून? चर्च कमिटीतल्या वर्कीच्या नातवाने जीव दिला तेव्हापासून? त्याच्यामागे चार पाद्री होते, बँड होता. माझ्या पोराला दोघांनी उचललं, तेही मान खाली घालून. मोठ्या घरात शिरलं की पापाला आजार म्हणतात का?

औसेप : काळ बदलला. लोकांना समज आली.

थ्रेस्याम्मा : लोकांना आली. देवाला आधी नव्हती?

(विळीवर मासा कापल्याचा आवाज.)

औसेप : रागाव. पण रविवारी ये.

थ्रेस्याम्मा : कोंबडी आजारी पडली तरी मी मेणबत्ती लावली, औसेप. साजूसाठी एकदाही नाही. तू म्हणालास, त्याच्यासाठी प्रार्थना पोचत नाही. ओठावर नाव यायचं, मी गिळायचे.

औसेप : चेच्ची…

थ्रेस्याम्मा : सगळे म्हणत होते, होडीतून पाय घसरला. मीही तेच म्हटलं असतं. तू याच खुर्चीत बसून विचारलंस. साजूने जीव दिला, हे मी भावाला सांगितलं. ऐकलं पाद्र्याने.

औसेप : मला खोटं बोलता आलं नसतं.

थ्रेस्याम्मा : तेच चर्चमध्ये जाळीआड गुडघे टेकून सांगितलं असतं तर? कबुलीतलं बाहेर काढता येत नाही ना तुम्हाला?

औसेप : मेलो तरी नाही.

थ्रेस्याम्मा : म्हणजे मी खरं बोलले, फक्त जागा चुकली.

औसेप : …तेव्हाही त्याला आत, अप्पनशेजारी पुरता आलं असतं. नियम आधीच सैल झाला होता. मला माहीत होतं.

थ्रेस्याम्मा : माहीत होतं.

औसेप : कमिटीतले म्हातारे अडून बसले. हा वर्कीच सगळ्यांत पुढे. म्हणाला, अच्चन भाच्याचं पाप धुतायत. मी नवा होतो. घाबरलो.

थ्रेस्याम्मा : आणि प्रार्थनेचं?

औसेप : तू सगळ्यांसमोर मिस्सा मागायला येऊ नयेस, म्हणून.

थ्रेस्याम्मा : आणखी कुणाला ठाऊक आहे हे?

औसेप : कुणालाच नाही. तुलाच सांगतोय.

थ्रेस्याम्मा : ही तुझी कबुली, की बहिणीला सांगतोयस?

औसेप : बहिणीला.

थ्रेस्याम्मा : स्वयंपाकघरात बसून.

औसेप : हो. येशील ना रविवारी?

थ्रेस्याम्मा : येईन. मिस्सा झाली की मला सगळ्यांसमोर दोन शब्द बोलू द्या, अच्चन.