मडगार्डावर बसलेली

ऐका. आणि ते मोबाईल आधी पालथे ठेवा, नाहीतर उठून जा. उजेडात सांगायची ही गोष्ट नव्हे.

आपल्या शिवेपलीकडच्या गावात लिंबाजी ढगे राहतो. त्याचा ट्रॅक्टर जुनाट, त्याच्याइतकाच हट्टी. दिवे म्हणजे उपाशी कोल्ह्याचे डोळे, पिवळे आणि मिचमिचे. लिंबाजीला फिकीर नव्हती. रात्रीच्या नांगरटीला बायको कोंडाबाई मडगार्डावर बसायची, हातात टॉर्च धरून. टॉर्च नांगराच्या तासावर आणि तोंड लिंबाजीवर. ट्रॅक्टर जरा आदळला की इंजिनाच्या वर आवाज काढायची, "अवं, डोळं काय घरी ठिवून आलाव?" अख्ख्या शिवाराला ऐकू जायचं.

मग कोंडाबाई गेली. तापाचं निमित्त झालं.

लोक म्हणाले, दुसरी कर. लिंबाजीनं बाजारातून एलईडीचे दोन दिवे आणले. स्वतःच बसवले. बॅटरीपासून वायर ओढली, मधे फ्यूज घातला, स्टेरिंगखाली बटण लावलं. अर्थिंगसाठी रंग खरवडला, पत्रा उघडा पडेपर्यंत, आणि बोल्ट आवळला. बटण दाबलं तर समोरच्या भिंतीवरच्या मुंग्या दिसायला लागल्या.

शेजारचा सटवा म्हणाला, "बायको गेली आणि मांडवाची लायटिंग केलीस व्हय?"

"टॉर्च धरायला तू बसतोस का मडगार्डावर?"

लोकांना बोलायला काय जातंय.

तर एका रात्री पलीकडच्या वस्तीवर नांगरट होती. अंधार पडल्यावर लिंबाजी निघाला. सडक सोडली आणि ओढ्याकडच्या जुन्या गाडीवाटेला लागला. जवळ पडती म्हणून. वाचलेल्या वेळाचं काय करणार होता देव जाणे, घरी कोण होतं त्याचं.

ती वाट चकव्याची. चकवा मारत नाही. फिरवतो. फिरवून फिरवून दमवतो, मग न्यायचं तिथं नेतो.

पांढऱ्या उजेडात एक जळकी बाभूळ आली. मागं गेली. थोड्या वेळानं परत तीच बाभूळ. लिंबाजीनं शिवी हासडली, पुढं गेला. परत बाभूळ. आणि तिथं दिवे गेले. इंजिन चालू, दिवे बंद. उतरून चाचपलं. फ्यूज धड. बोल्ट घट्ट. वर चढून बसला, तसा मडगार्डाचा पत्रा दबला. कुणी बसल्यावर दबतो तसा. बांगड्या वाजल्या.

"चला की," हळूच आवाज आला.

लिंबाजीनं बटण दाबलं. दिवे लागले. मडगार्ड रिकामं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? दिवे लावून धूम ठोकली असती. लिंबाजीनं काय केलं? हात घातला आणि दिवे स्वतः बंद केले. पत्रा परत दबला. समोर मातीवर टॉर्चचा पिवळा ठिपका पडला. ट्रॅक्टर ठिपक्याच्या मागं निघाला.

आणि लिंबाजी बोलायला लागला. किती दिवसांचं साठलं होतं. भाकरी करपतात म्हणाला. तुझी तुळस वाळली म्हणाला. रात्री झोप लागत नाही म्हणाला. बाजूनं नुसतं हं, हं. आता मला सांगा, चालू ट्रॅक्टरवर हळू बोललेलं कुणाला ऐकू येतं का? लिंबाजीला येत होतं. लख्ख.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं मुद्दाम चाक बांधावर घातलं. ट्रॅक्टर असा आदळला की दात वाजले.

"असू द्या," गोड आवाज.

कोंडाबाई सात जन्मांत असं म्हणाली नसती. ओळखलं त्यानं. पण ऐका, ओळखलं तरी बटणाकडं हात गेला नाही. तसाच चालवत राहिला. कुणीतरी बसलं होतं ना शेजारी.

"एकदा शिवी तरी दे," तो म्हणाला.

"सरळ घ्या. आलंच घर."

"घरी म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय."

"राहू द्या."

मुकं जनावर तहानलेलं राहू द्या? कोंडाबाईनं चालत्या ट्रॅक्टरवरून उडी मारून बादली उचलली असती. लिंबाजीनं बटण दाबलं.

पुढं जमीनच नाही. उजेड पोकळीतून गेला आणि विहिरीच्या पलीकडच्या दगडांवर आपटला. पुढची चाकं कडेवर. ढेकळं सुटून खाली पाण्यात पडतायत, डुबुक, डुबुक. बाजूनं कुणीतरी सदरा ओढतंय, गार हातानं, आणि अजून तसंच गोड म्हणतंय, "सरळ घ्या." लिंबाजीनं मान वळवली नाही. रिव्हर्स टाकला. मागं काळोख, मागं दिवा नाही, तसाच बाभळीपर्यंत मागं मागं आला. तिथं दिवे आणि इंजिन चालू ठेवून उजाडेपर्यंत बसून राहिला. उजाडल्यावर आधी घरी गेला आणि म्हशीला पाणी पाजलं.

म्हणून सांगतो, त्या गाडीवाटेला जाऊ नका. घरात कुणी वाट बघणारं नसेल त्यानं तर नाहीच नाही. आणि कधी सापडलाच, तर दिवे मालवू नका. शेजारी कुणी का येऊन बसेना.

लिंबाजी आता सडकेनंच जातो. पण त्या वाटेच्या फाट्यावर आला की ट्रॅक्टर थांबवतो. दिवे तसेच चालू ठेवतो. इंजिन बंद करतो, आणि घटकाभर कान देऊन बसतो.

तुम्ही तेवढंही करू नका.