चेष्टेची गिटार

छे छे छे, अशी नका धरू दिगंबरराव, ती काय बादली आहे का! मांडीवर घ्या. हां. आता वाजवा. दुखलं बोट? नाही ना? नाहीच दुखणार! दुकानातून आणली तेव्हा तारा एवढ्या उंच होत्या — एवढ्या — की खालून उंदीर मान न वाकवता गेला असता. दुकानदार म्हणतो, भाईसाब, सस्ता माल है, ऐसा ही रहेगा. मला म्हणतो! पुण्यात एकवीस वर्षं टूलरूममध्ये घासलेल्या माणसाला! घोडीच उपटून काढली मी — तारा टेकतात ना त्या पट्टीवर, तिला घोडी म्हणायचं — प्लॅस्टिकची होती हो, कंगव्यासारखी! तिच्या जागी हाडाची बसवली. घासायची, फीलर गेजच्या पात्यांनी फट मोजायची, परत घासायची. आठ दिवस. शेजारच्या अलकाताई म्हणाल्या, विश्वासराव, दात घासताय की काय एवढा वेळ?

आणि ही साबणाची डबी — अहो, साबण नाही त्यात, ओला स्पंज आहे! इथल्या मे महिन्यात लाकूड तडकतं, म्हणून डबीला भोकं पाडली आणि ठेवून दिली गिटारच्या पेटीत. मला कूलर नाही, तिला आहे! आता स्पीकरची वायर जोडतो, थांबा… ऐका. काय ऐकलंत? काहीच नाही! तेच तर! आधी तारांवरचा हात काढला की कुंई करायची. मग आतून तांब्याचा पत्रा लावला, अर्थिंगच्या तारेला नव्यानं डाख दिला, तेव्हा गप्प झाली. हे आधी सुचलं असतं तर त्या दिवशी… जाऊ दे.

नाही, काही नाही. विकतोय कारण क्वार्टर लहान पडतं. हो, एकटाच आहे. हो, दोन खोल्या आहेत. हो, ती दुसरी रिकामीच आहे — तुम्ही मास्तर लोक फार प्रश्न विचारता बुवा! बरं, ऐका. हिंदी पखवाडा होता आमच्या कारखान्यात, हिंदी दिनाचे कार्यक्रम हो. आमच्या हिंदी अधिकारी सुमित्राजी, मिसरोदहून येतात — आवाज असा, की सर्क्युलर वाचलं तरी ऐकत बसावं. त्या स्वतःची कविता म्हणणार, मागे मी गिटार वाजवणार. महिनाभर रोज जेवणाच्या सुट्टीत तालीम. त्यांच्या डब्यातली कढी मला, माझं थालीपीठ त्यांना. चाळिशी उलटलेला माणूस मी, सकाळी सहाला भाजणी मळतोय — आणि गातोय! आणि ऐन कार्यक्रमात, कवितेच्या सगळ्यात हळव्या ओळीला, ही बया — कुंईईई! सगळं सभागृह हसलं. त्यांच्याकडे बघायची माझी छातीच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर चिठ्ठी — अहो, तो पेटीचा कप्पा नका उघडू! उघडलात. घ्या, तीच ती. द्या इकडे, मीच वाचतो, पाठच आहे मला. 'कविता तो मेरी थी, चेष्टा आपकी। सबने देखी। मैं भूल नहीं पाऊँगी।' झालं! मी त्यांची चेष्टा केली! मी! त्यांची! सतरा दिवस कँटीनला गेलो नाही, मागच्या गेटनं येतो-जातो. दोनदा फोन आला, उचलला नाही. बोलणी खायला ना नाही हो, पण त्या आवाजात नकोत. परवा त्यांनी मला जिन्यात गाठलंच. म्हणाल्या, दिल्लीला बदली देत आहेत, शुक्रवारी पाचपर्यंत हो की नाही कळवायचंय, आप क्या कहते हैं? मी म्हटलं, बधाई हो! आणि पळालो. आज तो शुक्रवार. रजा टाकून बसलोय घरी. ही समोर दिसली की ती कुंई परत ऐकू येते, म्हणून विकून टाकतोय. आवडतात हो मला त्या. घ्या, बोललो एकदाचा.

हसताय काय? यात हसण्यासारखं… काय? हिंदीत काय? चेष्टा म्हणजे — प्रयत्न? कष्ट? टिंगल नाही? अजिबात नाही? थट्टा करू नका हं दिगंबरराव, तुम्ही ग्वाल्हेरला तीस वर्षं हिंदी शिकवलंत, तुम्हाला शपथ घालतो! परत सांगा. कविता माझी होती, मेहनत तुमची. सगळ्यांनी पाहिली. मी विसरू शकणार… अगं आई गं! आणि मी त्यांना बधाई दिली! जिन्यात! दात काढून! किती वाजले? पावणेपाच? फोन कुठाय माझा? उठा, उठा, तुम्ही बसलाय त्याच्यावर! गिटार? खाली ठेवा ती. विकायची? कोण म्हणालं? माहीत आहे हो, कोटऱ्याहून आलात स्कूटरवर, मान्य, चहा पाजीन पुन्हा कधीतरी, बिट्टन मार्केटला येऊन दुसरी निवडून देईन, तिची घोडी घासून देईन, पण आत्ता — लागला! लागला फोन!

हॅलो, सुमित्राजी? जी, मैं विश्वास। वो बधाई… जी, जिन्यातली… मतलब सीढ़ी वाली — वो मैं वापस ले रहा हूँ। पूरी वापस। मत जाइए।

दिगंबरराव, त्या… रडतायत की हसतायत, कळत नाही मला. तुम्ही जा आता. जा हो, दार ओढून घ्या.

जी? जी, सुन रहा हूँ…