लसीकरणाची वही

बोरी अरबहून यवतमाळला निघालेल्या एसटीत गौरीच्या पुढच्या बाकावर भाऊ-बहीण बसले होते. बहीण गावची आशा सेविका, लसीकरणाची वही लेकरासारखी उराशी धरलेली.

"मैना, नयनच्या मोबाइलात तुह्या वहीचे फोटो कायले?"

"त्याच्या ग्रुपवाल्यायनं मांगलते, दादा. त्या मोहल्ल्यातल्या कोनत्या घरात किती मानसं, किती लेकरं."

"तुले मालूम होतं?"

"मीनंच वाचून दाखोलं. वाटलं, पोरगं मले मदत करून राह्यलं."

"त्यायले कायले पायजे?"

"कोनतं घर पेटवाचं, ते ठरवाले. मेसेज वाचला म्या."

मागं गौरी पुढं वाकून ऐकू लागली.

"नयन काय म्हने?"

"हासला. म्हने, आई, तुही वही साऱ्यायले आवडली. अक्षर लय साफ हाय."

"पोलिसायकडं गेलीस तं एकुलतं पोरगं आत जाईन, मैना. घरीच समजावू."

"चार दिवस समजावलं. सोमवारी त्याच घरायत डोस पाजाचा हाय मले. दार वाजवलं का त्या बाया आंगावरचं लेकरू माह्या हातात देतेत, दादा."

भावानं खिशातून नयनचा मोबाइल काढला.

"नदीत फेकनार होतो मी. धर."